आवडलं का, असं विचारू नये

माझे भावजी सेतुराव यांना कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावर सगळे 'रायर' म्हणतात. इथे आम्हा मराठी लोकांना तमिळ माणसं रायरच म्हणतात, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. विशेष हे, की रेशमी साड्यांच्या त्या दुकानात गादीवर मांडी घालून बसलेले विक्रेते पुष्कळ असतात, तरी बायका आत शिरल्या शिरल्या 'रायर आहेत का' म्हणून विचारतात. रायर जेवायला गेले असले तर समोर कॉफी पिऊन पुन्हा येतात. दुकानाच्या मालकाला हे मनातून फारसं रुचत नाही, पण साड्या खपतात म्हणून तो गप्प बसतो.

मी गोमती, भावजींची मेहुणी. त्यांची बायको गंगाबाई ही माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणते. सारंगपाणीच्या देवळामागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे तिच्या घरात फोडणी पडली की मला शिंक येते. मेहुणीला थट्टेचा हक्क असतो आणि तो मी अजून सोडलेला नाही. हे लिहितेय ते तुमच्या पुस्तकी मराठीत. घरातल्या बोलीत लिहिलं असतं तर दुसऱ्या ओळीला तुम्ही हसला असतात. आमचे पूर्वज भोसल्यांच्या मागून तंजावरला आले, येताना जी मराठी आणली तीच आम्ही अजून वापरतो, आणि जिथे विरली तिथे तमिळचं ठिगळ लावतो.

तर भावजींची विद्या. ती बोटांची आहे. बाई काय बोलते तिकडे ते कान देतात, पण लक्ष देत नाहीत. बाई म्हणते, 'हा रंग माझ्याकडे आहे.' म्हणेना. तिचा आंगठा काठावरून उठलेला नाही, हे भावजींनी पाहिलेलं असतं. ते ती साडी बाजूला सारतात, पण हाताला लागेल इतपतच. मग आणखी ढीगभर साड्या उलगडतात, बाई सगळ्यांना छान छान म्हणते, आणि शेवटी हात आपसूक त्या पहिल्या साडीवर येतो. साडी खांद्यावर टाकून जी बाई आरशात बघते ती घेत नाही, जी सोबतच्या नणंदेच्या तोंडाकडे बघते ती घेते, असंही त्यांचं एक शास्त्र आहे. सासू-सुना जोडीनं आल्या तर ते आधी सासूचे गुडघे बघतात. गुडघे दाराकडे वळलेले असले की समजायचं, साडी सुनेसाठी आहे आणि काम लवकर उरकायचं आहे.

आणि त्यांचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाला 'आवडली का' असं कधी विचारायचं नाही. नव्या विक्रेत्यानं विचारलं तर ते त्याच्याकडे अशा नजरेनं बघतात की तो बिचारा दिवसभर साड्यांच्या घड्याच घालत बसतो.

"विचारलें कीं माणूस तोंडाला कामाला लावतें," ते मला एकदा म्हणाले, "आणि तोंडासारखें लबाड कांहीं नाहीं, गोमती."

स्वतः ते तोंड कमीच वापरतात. 'होय' हा शब्द त्यांच्या तोंडून मी क्वचित ऐकलाय. आमच्याकडच्या पद्धतीनं मान डोलवतात, एकदा या खांद्याकडे, एकदा त्या खांद्याकडे, झालं. फोनवरसुद्धा डोलवतात. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत बसतो आणि आतून अक्का ओरडते, 'अहो, तोंडानें सांगा.' हे आमच्या घरचं रोजचं आहे.

कीर्ति ही त्यांची एकुलती एक मुलगी. इथेच एका बँकेत कामाला आहे. दिसायला अक्कावर आणि हट्टात भावजींवर गेली आहे, म्हणजे दोन्हीकडचं बरोबर तेच उचललं जे आम्हाला जड जाणार होतं. तिच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं, आणि आमच्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून पुण्याचं एक स्थळ आलं. मुलाचं नाव सारंग उमराणी. सारंगपाणीच्या गल्लीत सारंग नावाचा जावई येणार म्हटल्यावर शेजारपाजाऱ्यांनी मनातल्या मनात अक्षता टाकूनही घेतल्या. अक्काला सगळ्यात मोठं सुख कसलं, तर विहीण मराठी बोलणारी मिळणार.

"तमिळ घरांत दिली तर सगळें समजावून सांगत बसायला होतें," ती म्हणाली. "हीं आपलीं माणसें. यांना काय सांगायचें?"

ह्या वाक्यानंच आमचा घात केला, पण तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलवल्या.

सारंग आणि त्याची आई वसुधाताई गोविंदपुरमच्या विठ्ठल-रुक्मिणीचं दर्शन घेऊन दुपारी आमच्याकडे आली. वडिलांचे गुडघे धरलेले, ते पुण्यातच राहिले. बाई नीटनेटक्या, बोलायला स्पष्ट. मुलगा उंच आणि थोडा लाजरा, दाराच्या चौकटीला डोकं आपटून आत आला आणि स्वतःच हसला. कीर्तिनं ते पाहिलं. मी कीर्तिला पाहिलं. पोरीला तो त्याच क्षणी आवडला, हे ओळखायला रेशमाच्या दुकानात बसावं लागत नाही.

जेवायला केळीची पानं मांडली. अक्कानं रसवांगी केली होती, डांगर पचडी, पुरणाची बोळी. वसुधाताई प्रत्येक घासाला 'छान झालंय हं' म्हणाल्या. पण भावजींचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे थोडंच असणार. जेवणाआधी अक्कानं मानाची म्हणून भावजींनी स्वतः निवडलेली साडी त्यांच्या ओटीत घातली होती. मोरपंखी अंग, आमसुली काठ. बाईंनी ती कपाळाला लावली आणि पिशवीत ठेवून दिली. घडी मोडली नाही, काठ चाचपला नाही, बोटसुद्धा फिरवलं नाही. भावजींचा चेहरा उतरला.

मग जेवणं संपली, आणि वसुधाताईंनी पान मिटलं. पलीकडे मिटलं.

तुम्हाला ह्यात काय वाटणार. आमच्याकडे पान आपल्या अंगाकडे मिटायचं, म्हणजे जेवण मनाला लागलं, ह्या घराशी नातं राहावं. पलीकडे मिटायचं ते फक्त कुणाच्या तेराव्याच्या जेवणाला. असा प्रसंग ह्या घरी परत न येवो, एवढ्यासाठी. हे आमच्याकडे लहान मूलसुद्धा चुकत नाही. अक्का ताकाचं भांडं घेऊन उभी होती. तिचा हात तसाच राहिला, आणि ती आत निघून गेली. मी मागोमाग गेले तर ती फळीला टेकून उभी, डोळे भरलेले.

"पाहिलेंस कीं नाहीं?" ती म्हणाली. "तोंडानें छान छान, आणि पान बाहेर. तिला हें घर नको."

बाहेर त्या वेळी वसुधाताई भावजींना विचारत होत्या, "मग पुढचं बोलायचं ना आपण?"

भावजींनी मान डोलवली. खिन्न मनानं डोलवली असेल, पण डोलवली.

"बोलायचं ना?" बाईंनी पुन्हा विचारलं.

भावजींनी पुन्हा डोलवली, जरा जोरात.

बाईंनी पदर सारखा केला, हळदीकुंकू घेतलं. गच्चीवर बोलायला गेलेली दोघं खाली आली तेव्हा सारंगचा चेहरा पडलेला होता आणि कीर्तिचा फुललेला. मला ते विचित्र वाटलं, पण निघायच्या गडबडीत कोण विचारतं. निघताना अक्कानं 'जाऊन या' म्हटलं. बाई म्हणाल्या, 'निघतो आम्ही.' आमच्याकडे नुसतं 'निघतो' कुणी म्हणत नाही, 'जाऊन येतो' म्हणतात. तेही अक्कानं मनात लिहून ठेवलं.

पुढे काही नाही. पुण्याहून निरोप नाही, फोन नाही. मुलीकडच्यांनी आपण होऊन विचारायचं नाही ही आमची रीत, आणि भावजींचा नियम त्याच्या जोडीला. घरात कुणी त्या स्थळाचं नाव काढत नव्हतं. कीर्ति एरवी जेवताना फोन ताटाशेजारी उपडा ठेवायची. त्या दिवसांत तो उताणा असायचा. मला फार वाईट वाटायचं तिच्याकडे बघून. मी एकदा भावजींना म्हटलंही, की एक फोन करून बघा. त्यांनी हात झटकला.

"काठाला बोट लावलें नाहीं तिणें," ते म्हणाले. "मी उगा का या धंद्यांत म्हातारा झालों?"

यापुढचं दुकानातलं मला भावजींनीच सांगितलं, तेव्हा तिखटमीठ असेल तर ते त्यांचं. रविवार होता. नवग्रहांच्या देवळांची यात्रा करणारी एक मंडळी दुकानात आली. आपसात मराठी बोलत होती, सोलापूरकडची. त्यातल्या एका बाईंनी एक वांगी रंगाची साडी उचलली आणि तमिळ येत नाही म्हणून हिंदीत विचारलं, "असली रेशीम है ना?"

भावजींनी मान डोलवली.

बाईंनी नवऱ्याकडे वळून मराठीत सांगितलं, "नाही म्हणतायत हो. मिसळ असेल." आणि साडी खाली ठेवली. पण आंगठा काठावरच.

भावजी म्हणतात, त्यांना पहिल्यांदा वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग ते मराठीत म्हणाले, "अम्मा, होय म्हणूनच सांगतों कीं मी."

मंडळी चमकली, मग आनंदली. कुंभकोणमला मराठी कसं, कधीपासून, सगळं विचारून झालं. मग त्या बाई म्हणाल्या, "पण मग मान अशी का हलवताय? आमच्याकडे असं हलवलं म्हणजे बघू, किंवा सरळ नाहीच. हो म्हणायचं तर अशी, वरून खाली."

भावजी म्हणतात, त्यांचे हात थांबले. उलगडलेली साडी मांडीवर तशीच राहिली. ज्यांची भाषा आपल्याला येते त्यांचं सगळंच आपल्याला येतं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण तीनशे वर्षांत आमची जीभ तेवढी मराठी राहिली होती. मान तमिळ झाली, हात तमिळ झाले, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग त्यांनी त्या बाईंना एक प्रश्न विचारला. असा प्रश्न त्या दुकानात कुणी गिऱ्हाइकाला कधी विचारला नसेल.

"जेवण झालें म्हणजे तुम्ही पान कसें मिटतां?"

बाई गोंधळल्या. "पान? आमच्याकडे आता पानावर जेवतंय कोण. लग्नात असलं तर मी मिटते पलीकडे. आपल्याकडे मिटलं की उरलेला रस्सा मांडीवर येतो, साडीचं वाटोळं."

नवरा म्हणाला, "चल, उशीर होतोय." त्याला बहुधा वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. बाईंनी साडी घेतली ती घेतलीच. भावजींनी ती बांधून दिली, गादीवरून उठले, चपला घातल्या आणि भर दुपारी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, घरी निघून आले. मालक बघतच राहिला.

मी तेव्हा अक्काकडेच होते. कीर्ति खिडकीत बसून नखं खात होती. भावजींनी घाम पुसला नाही, पाणी मागितलं नाही.

"त्या पोरानें गच्चीवर तुला काय विचारटलें?"

कीर्ति दचकली. इतके दिवस घरात न निघालेलं नाव असं एकदम निघालं. "पुण्याला यायला आवडेल का म्हणून."

"तूं काय सांगटलीस?"

कीर्तिनं आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मान डोलवली. या खांद्याकडे, त्या खांद्याकडे, आणि थोडी लाजून.

"हेंच केलेंस?"

"हेंच. होय म्हणून."

"तोंडानें?"

"तोंडानें कशाला, अप्पा? समोरच तर होता."

भावजी झोपाळ्यावर बसले. त्यांनी आम्हाला दुकानातलं सगळं सांगितलं, मान, पान, मांडीवरचा रस्सा. कीर्तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अक्का आधी रडली आणि मग तिला राग आला. राग कुणाचा करावा हे न कळल्यामुळे तो माझ्यावर आला, कारण पानं मी मांडली होती.

"म्हणजे तो समजला, हिला नको," मी म्हटलं. "आणि आई समजली, तुम्हाला नको. आणि आपण समजलों त्यांना नको. भावजी, आतां फोन करा."

भावजींनी फोन हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

"साडी राहिलीच कीं," ते हळूच म्हणाले. "मान ठीक. पान ठीक. पण तिणें काठाला बोट लावलें नाहीं. विचारलें आणि खरेंच नको म्हणाली तर?"

तेव्हा मला त्यांचा तो नियम पहिल्यांदा नीट कळला. मी त्याला आजवर हुशारी समजत होते. हुशारी होतीच, पण जो कधी विचारत नाही त्याला 'नाही' ऐकावंही लागत नाही. इतकी वर्षं गादीवर बसून त्यांनी तो शब्द स्वतःच्या जवळ येऊ दिला नव्हता, आणि आता पोरीसाठी तो ऐकायची पाळी येईल म्हणून ते नंबर लावत नव्हते. मला थट्टा सुचली नाही.

कीर्ति उठली, त्यांच्याशेजारी झोपाळ्यावर जाऊन बसली. भावजींनी नंबर लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा मांडीवर ठेवला.

"हॅलो," वसुधाताईंचा आवाज आला. सावध आवाज.

भावजींनी खुशाली विचारली नाही, हवापाणी विचारलं नाही. बहुधा त्यांना भीती वाटली की एवढ्यात धीर जाईल.

"अम्मा," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला म्हणतात तसंच निघालं तोंडातून. "आमची कीर्ति तुम्हांला आवडली कां?"

अक्कानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या.

"सेतुराव," वसुधाताई म्हणाल्या, "हे तुम्ही मला विचारताय? मी तुमच्या ओटीवर बसून तुम्हाला परत परत विचारलं. तुम्ही मान हलवून नाही म्हणालात. आणि सारंग खाली येऊन म्हणाला, आई, तिचीही इच्छा दिसत नाही. मग आम्ही कुठल्या तोंडानं फोन करायचा?"

"तें नाहीं नव्हतें," भावजी म्हणाले. "आमच्याकडे होय म्हणतांना मान अशीच हालते. आम्हांला कळलें नाहीं, तुमची वेगळी म्हणून."

मग त्या हसल्या की काय कोण जाणे, पण पुढचं बोलल्या तेव्हा आवाज सैल झाला होता.

"तुमची ती साडी माहितीये ना? मोरपंखी. रोज कपाट उघडून तिच्याकडे बघते मी. अजून घडी मोडली नाहीये. तुमच्याकडेसुद्धा हात आवरूनच बसले होते. म्हटलं, संबंध जुळला नाही तर मानाची साडी परत करावी लागेल, उगीच हात लावून जीव का गुंतवा."

भावजींनी डोळे मिटले. आयुष्यभर ज्या हातांकडे बघून त्यांनी 'नको' ओळखलं, ते हे असे हात होते.

"सेतुराव? मग मी तुमचा होकार समजू का?"

भावजींनी मान डोलवली. नुसती मान नाही, कमरेपासून सगळे डोलले, झोपाळासुद्धा हलला. गालांवरून पाणी वाहत होतं.

"हॅलो? आवाज येत नाहीये. हॅलो?"

ते डोलतच होते.

"अहो, तोंडानें सांगा," अक्का म्हणाली. ओरडली नाही, नेहमीसारखी. हळू म्हणाली.

भावजींनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. त्यांनी कीर्तिकडे बघितलं.

कीर्ति फोनवर वाकली. "होय," ती म्हणाली, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून. "अप्पांचेंहि होय. माझेंहि होय. त्यांना सांगा, गच्चीवरचेंहि होयच होतें."

पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. "चौकटीला डोकं आपटलं त्याचं," वसुधाताई म्हणाल्या. "दारातच उभा होता ऐकत."